न आलेला राजपुत्र



आजचा विषय कळल्यावर काही मंडळींनी विचारलं, ‘सर, व्हिडिओ गेम आणि तत्त्वज्ञान? त्यातही जो गेम निघालेलाच नाही, निघणार असं कुणी म्हटलेलंही नाही, त्याच्यावर तासभर काय बोलणार?’ प्रश्न रास्त आहे. पण ज्याचं अस्तित्व सिद्ध झालेलं नाही त्याच्यावर तासन्‌तास बोलणं हाच तर आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांचा जन्मभराचा धंदा. तेव्हा त्या बाबतीत तुम्ही निश्चिंत असा.

ज्यांना या जगाची ओळख नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. एखादी अद्भुतकथेची गेममालिका लोकप्रिय होते. दोन भाग येतात, चार येतात. मग ती थांबते. कंपनी ‘संपली’ म्हणत नाही, ‘पुढे येणार’ असंही म्हणत नाही. आणि चाहते चिन्हं शोधायला लागतात. कुठल्या नोकरीच्या जाहिरातीत काय शब्द वापरलाय, कुणा संगीतकारानं मुलाखतीत काय अर्धवट सोडलं, कुठल्या दुकानाच्या यादीत कुठलं नाव चुकून झळकलं. यावरून पुढचा भाग येणार, कधी येणार, त्यात कोण मरणार इथपर्यंत तर्क लढवले जातात. हे सगळं लोक लिहून काढतात, पानंच्या पानं लिहितात. आम्हाला त्याच्याकडे पाहावंसं वाटलं ते यासाठी की हे लेखन एका अर्थी समीक्षाच आहे. मूळ कृती लोकांनी कशी वाचली, तिच्यातलं काय धरून ठेवलं आणि काय सोडून दिलं, ते या अटकळींत दिसतं.

उदाहरण मुद्दाम आपल्या जवळचं घेतलंय. मालिकेचं नाव ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’. नाव इराणचं, जन्म अमेरिकेतला, कंपनी फ्रेंच. आणि तरी तिचा एक महत्त्वाचा, दुःखद म्हणावा असा अध्याय पुण्यात आणि मुंबईत घडला. इथून पुण्याला शिकायला, नोकरीला गेलेली किती मुलं आहेत ते तुम्हाला माहीतच आहे. त्यामुळे हे कुणा परक्याचं प्रकरण नव्हे.

पहिला खेळ १९८९चा. जॉर्डन मेकनर नावाच्या तरुणानं तो जवळजवळ एकट्यानं केला. आपल्या धाकट्या भावाला पळायला लावून, उड्या मारायला लावून त्याचं चित्रीकरण केलं आणि त्यावरून एकेक चित्र काढून राजपुत्राच्या हालचाली तयार केल्या. म्हणून तो राजपुत्र कड्यावर लोंबकळतो तेव्हा त्याचं वजन जाणवतं. साठ मिनिटांत राजकन्येला सोडवायचं, एवढंच कथानक. नव्वदच्या दशकात आपल्याकडे कॉम्प्युटर क्लास निघाले तेव्हा फीचे पैसे टाइपिंग आणि ‘डॉस’ शिकायला भरले जायचे आणि मास्तरांची पाठ वळली की पडद्यावर हा राजपुत्र पळायचा.

नंतर हे नाव युबिसॉफ्ट या कंपनीकडे गेलं आणि २००३ साली तिच्या माँट्रियल इथल्या स्टुडिओनं ‘द सँड्स ऑफ टाइम’ काढला. कथा पुन्हा मेकनरचीच. या खेळापाशी आम्ही जरा थांबणार आहोत, कारण पुढची सगळी अटकळबाजी याच्याभोवती फिरते. आम्ही तो स्वतः खेळलेलो नाही, आमची बोटं तेवढी चपळ नाहीत. नातवाशेजारी बसून सबंध पाहिला. कीर्तनाला बसलेल्या सगळ्यांना कुठे गाता येतं?

कथा अशी. इराणी राजा आणि त्याचा पुत्र हिंदुस्थानातल्या एका महाराजाच्या राजवाड्यावर चालून जातात. दार उघडून देणारा महाराजाचाच वजीर. लुटीत राजपुत्राला एक खंजीर मिळतो. त्याच्यात काळाची वाळू भरलेली आहे, तिच्या बळावर काही क्षण मागे नेता येतात. वजिराच्या चिथावणीनं राजपुत्र एक प्रचंड घटिकापात्र उघडतो आणि वाळू सुटून सगळ्या माणसांची भुतं होतात. वाचतात तिघं: राजपुत्र, वजीर आणि महाराजाची कैद केलेली मुलगी फराह. म्हणजे लुटणारा आणि लुटली गेलेली अशा दोघांना एकमेकांच्या आधारानं चालावं लागतं. हा खेळाचा खरा गाभा. भिंतीवरून पळणं, खांबाला लटकणं हे सगळं त्याच्या आजूबाजूला.

सांगण्याची रीत पाहा. राजपुत्र स्वतःच आपली गोष्ट कुणाला तरी सांगतोय. खेळणारा चुकला, राजपुत्र दरीत पडून मेला, की निवेदक म्हणतो, छे, असं नव्हतं झालं, थांबा, नीट सांगतो. मरण म्हणजे सांगणाऱ्याची चुकलेली ओळ. शेवटी फराह मरते. तेव्हा राजपुत्र काळ पार मागे नेतो, स्वारीच्या आधीपर्यंत. स्वारी होतच नाही, कुणी मरत नाही. तो रात्री फराहच्या महालात शिरतो आणि तिला ही सगळी हकीकत सांगतो. तिथे आपल्याला कळतं की इतका वेळ तो हिच्याशीच बोलत होता. ती अर्थातच विश्वास ठेवत नाही. तिच्या दृष्टीनं हा कोण कुठला परका माणूस. तो वजिराचा काटा काढतो आणि लुटून नेला असता तो खंजीर तिच्या हातात देतो. ती नाव विचारते. तो एक शब्द उच्चारतो आणि निघून जातो.

तो शब्द ऐकून आम्ही खुर्चीत सरसावून बसलो. लहानपणी भीती वाटली की म्हणायचा, म्हणून आईनं फराहला शिकवलेला एक गुप्त शब्द असतो. इतर कुणाला न सांगितलेला तो शब्द तिनं प्रवासात राजपुत्राला सांगितला होता. इंग्रजी उच्चारात ‘काकोलुकिया’ होतं त्याचं, पण शब्द आहे ‘काकोलूकीयम्’. पंचतंत्राचं तिसरं तंत्र! कावळे आणि घुबडं यांच्या पिढीजात वैराची गोष्ट. सहाव्या शतकात बुर्झोय या इराणी वैद्यानं अनुशीरवान राजासाठी पंचतंत्र पहलवीत नेलं, आठव्या शतकात इब्न अल्‌मुकफ्फानं तिथून अरबीत नेलं, आणि पुढे त्याच वाटेनं ते युरोपभर गेलं. हिंदुस्थानची कथा इराणनं जगाला पोचवली. त्या प्रवासाची खूण म्हणून हा शब्द एका लुटारू इराणी राजपुत्राच्या तोंडी, हिंदी राजकन्येपुढे, शेवटचा शब्द म्हणून येतो. कावळे-घुबडांचं वैर ते दोघं मिटवतात, आणि मिटल्याचं आठवतं फक्त एकाला.

आता तुम्हीच सांगा, या गोष्टीला पुढचा भाग कसा असेल? जी घडलीच नाही तिच्यापुढे काय घडणार? आमच्या मते ‘सँड्स ऑफ टाइम’चा शेवट हा पुढच्या भागाला ठाम नकार आहे. धंद्याला असे नकार ऐकू येत नाहीत. २००४ला दुसरा भाग आला. त्यात राजपुत्र कडवट, रक्तपिपासू झाला. मेकनरचा त्यात सहभाग नव्हता आणि त्याला तो रुचलाही नाही. २००५ला तिसरा भाग, २००८ला सगळं नव्यानं मांडणारा वेगळाच राजपुत्र, २०१०ला आणखी एक. आणि मग दहा वर्षं मोठ्या पडद्यावरचा राजपुत्र गप्प.

या दहा वर्षांत जी अटकळबाजी झाली ती आपला आजचा विषय.

न्यायदर्शन वाचलेल्या माणसाला ही अटकळबाजी वाचताना घरी आल्यासारखं वाटतं. चाहते ज्या युक्त्या वापरतात त्यांतल्या बहुतेक आपल्याकडे दीड-दोन हजार वर्षांपूर्वी नाव ठेवून, तपासून ठेवलेल्या आहेत. सर्वांत लाडकी युक्ती म्हणजे अर्थापत्ती. मीमांसकांचं जुनं उदाहरण: देवदत्त लठ्ठ आहे, दिवसा जेवत नाही, म्हणजे रात्री जेवत असला पाहिजे. चाहताही हेच म्हणतो. कंपनीनं नाव सोडलेलं नाही, माणसं भरती चाललीय, आणि दिवसाउजेडी तर काही बोलत नाहीत. म्हणजे रात्री, बंद दाराआड, गेम चाललाय. हे ऐकायला पटतं. पण अर्थापत्तीची अट कडक आहे. देवदत्त खरोखर लठ्ठ आहे का, आणि त्याच्या लठ्ठपणाला दुसरं काही कारण संभवतच नाही का? कंपनी लठ्ठ होती खरी, पण ती दुसऱ्याच ताटात जेवत होती.

त्या ताटाचं नाव ‘असॅसिन्स क्रीड’. गंमत बघा. ‘सँड्स ऑफ टाइम’नंतर माँट्रियलच्या त्याच चमूनं, पात्रिस देझिले यांच्या नेतृत्वाखाली, पुढचा ‘प्रिन्स’ करायला घेतला होता. त्याचा नायक राजपुत्र नव्हता, राजपुत्राचा रक्षक असलेला मारेकरी होता. राजपुत्राच्याच खेळात राजपुत्र दुय्यम, हे कंपनीला पटेना. म्हणून ते काम नाव बदलून २००७ साली वेगळी मालिका म्हणून बाहेर पडलं आणि अफाट चाललं. म्हणजे चाहते ज्या पुढच्या भागाची वाट पाहत होते तो दुसऱ्या नावानं त्यांच्या घरी येऊन बसला होता, आणि कित्येकांनी तो विकत घेऊन खेळूनही झाला होता. तरी वाट पाहणं चालूच.

मौनाचंही असंच. ‘नाही तर म्हटलं नाही ना त्यांनी!’ हा अटकळबाजांचा हुकमी एक्का. न दिसण्यालाही कुमारिल भट्ट प्रमाण मानतात, अनुपलब्धी म्हणतात त्याला. पण तिथे ‘योग्य’ हा शब्द लावलेला आहे. समोरच्या उजेडातल्या ओट्यावर घागर दिसत नाही, म्हणजे ती तिथे नाही, कारण असती तर दिसली असती. अंधाऱ्या कोठीत घागर दिसली नाही यावरून ती नाही असंही म्हणता येत नाही आणि आहे असंही नाही. गेम कंपनी ही अंधारी कोठी आहे. गेम चालू असला तरी ती गप्प राहणार, नसला तरी गप्प राहणार. ज्या खुणेनं दोन्ही पक्षांत काही फरक पडत नाही, ती खूण कसली?

तिसरं उदाहरण आम्हाला सर्वांत बोधक वाटलं. २०२०च्या सप्टेंबरमध्ये काहीतरी जाहीर व्हायचं होतं. त्याच्या काही महिने आधी अशी बातमी फिरली की कंपनीच्या नावावर ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’पुढे सहाचा आकडा लावून एक संकेतस्थळाचा पत्ता नोंदवला गेलाय. झालं! सहावा भाग नक्की. लोक म्हणाले, आगीशिवाय धूर निघत नाही. बरोबर आहे, धुरावरून आग सिद्ध होते. पण आगीवरून धूर सिद्ध होत नाही. तापून लाल झालेला लोखंडी गोळा घ्या, आग आहे आणि धुराचा पत्ता नाही. धूर निघायला ओलं सरपण लागतं. नैयायिक या मधल्या अटीला उपाधी म्हणतात. जिथे मोठा गेम येतो तिथे आधी नाव नोंदवलेलं असतं, हे खरं. म्हणून जिथे नाव नोंदवलेलं असतं तिथे गेम येतो, हे खरं नव्हे. कंपन्या वापरायची नसलेली नावंही राखून ठेवतात. इथे व्याप्ती उलटी धरली गेली. आणि झालं काय? १० सप्टेंबर २०२०ला घोषणा झाली. सहावा भाग नव्हताच. २००३चाच ‘सँड्स ऑफ टाइम’ नव्या चित्रांत पुन्हा करणार, म्हणजे रीमेक, अशी ती घोषणा होती.

इथे चाहत्यांना हसायचं आमच्या मनात नाही. त्यांचा तर्क चुकला, पण इच्छा पुरी झाली असं आम्हाला दिसतं. दहा वर्षांच्या त्या अटकळी काढून वाचा. पुढच्या भागात नवं काय असावं, याबद्दल आश्चर्य वाटावं इतकं कमी सापडतं. खंजीर परत हवा, फराह परत हवी, तोच निवेदकाचा आवाज हवा, २००३च्या हिवाळ्यात वाटलं होतं तसं पुन्हा वाटायला हवं. दिसायला हे भविष्याबद्दलचं लेखन, पण ते सगळं स्मृतीबद्दलचं आहे. न्यायदर्शनात स्मृतीला प्रमा मानत नाहीत, म्हणजे यथार्थ ज्ञानात तिची गणना नाही, कारण ती जुन्या अनुभवाच्या संस्कारावर जगते, समोरच्या वस्तूशी तिचा व्यवहार नसतो. ज्या लोकांना काळ मागे नेणारा खंजीर एकदा हातात मिळाला होता त्यांनी पुढचं काही मागण्याऐवजी मागचंच मागावं, हे एका परीनं त्या खेळाचंच यश म्हणायचं.

हे सगळं निरुपद्रवी राहिलं असतं. पण हा रीमेक करण्याचं काम दिलं गेलं होतं युबिसॉफ्टच्या पुण्याच्या आणि मुंबईच्या स्टुडिओंना. पुण्याचा स्टुडिओ २००८पासूनचा. तोवर त्यांच्या वाट्याला मुख्यतः दुसऱ्यांच्या खेळांची पूरक कामं येत, तपासणीची, एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर नेण्याची. एवढ्या मोठ्या नावाची मुख्य जबाबदारी इथे येणं ही केवढी गोष्ट होती! शिवाय योगायोग पाहा, हिंदुस्थानी राजवाड्यातून लुटलेला खंजीर कथेत परत केला जातो, आणि ती कथा पुन्हा सांगायला येते ती हिंदुस्थानात.

ट्रेलर आला आणि लोक तुटून पडले. चेहरे निर्जीव, उजेड सपाट, हे काय जुनाट दिसतंय. खरं सांगायचं तर त्या ट्रेलरवरची ही टीका चुकीची नव्हती. आम्ही तो पाहिलाय. फराहचा चेहरा मेणाचा वाटतो, आणि ज्या कथेचा सगळा भार दोन माणसांच्या हळूहळू बदलत्या नजरेवर आहे तिथे मेणाचे चेहरे चालत नाहीत. चांगल्याला चांगलं म्हणताना गाव पाहू नये आणि वाईटाला वाईट म्हणतानाही पाहू नये. पण काहींनी नेमकं गावच पाहिलं. त्यांची टीका चित्रांवर थांबली नाही, ‘भारतात केलंय, मग दुसरं काय होणार’ इथवर घसरली. आणि या टीकेत तुलना कशाशी होती? समोर काही मिनिटांची जाहिरात होती. पलीकडे दहा वर्षं मनात वाढवलेला, कुणीही कधीही न पाहिलेला, म्हणून कुठेच न चुकलेला खेळ होता. त्या खेळापुढे कुणाचा निभाव लागणार? पुण्याच्याच काय, माँट्रियलच्याही चमूचा लागला नसता.

तारीख आधी २१ जानेवारी २०२१ होती, मग १८ मार्च झाली, मग तारीखच राहिली नाही. मे २०२२मध्ये ते काम पुणे-मुंबईकडून काढून माँट्रियलला नेलं गेलं. खंजीर पुन्हा गेला म्हणायचा. जून २०२४मध्ये छोटी झलक दाखवून २०२६ सालाचा वायदा केला गेला, आणि २०२६च्या जानेवारीत कंपनीनं इतर काही खेळांबरोबर तो रद्दच करून टाकला. पुण्यातल्या मुलामुलींनी जे काही वर्षानुवर्षं बसून केलं ते आता कुणाला दिसणार नाही. ते चांगलं होतं की वाईट, हेही कधी ठरणार नाही. आमच्या दृष्टीनं या प्रकरणातली खरी हानी ही आहे. न झालेल्या खेळावर लाखो शब्द लिहिले गेले, आणि जो खेळ बराचसा झाला होता त्याच्यावर लिहायला कुणाला काही मिळालं नाही.

कुणी म्हणेल, माणसाला पुढचं ऐकायची ओढ असतेच, यात नवं काय? नवं काहीच नाही. महाभारतासारखा ग्रंथ संपला तरी लोकांचं समाधान झालं नाही, कृष्णाचं आणखी सांगा म्हणाले. त्यातून हरिवंश जोडला गेला. त्याला ‘खिल’ म्हणतात. खिल म्हणजे पुरवणी, आणि त्याच शब्दाचा दुसरा अर्थ न नांगरलेली, पडीक जमीन. हा अर्थ आम्हाला फार आवडतो. कथेच्या बांधाला लागून थोडं पडीक रान असतंच; ज्याला औत हाकायची हौस आहे त्यानं हाकावं. विदर्भातल्या पद्मपूरच्या भवभूतीनं रामाच्या पूर्वचरित्रावर एक नाटक लिहिलं आणि मग ‘उत्तररामचरित’ लिहून पुढची कथा आपल्या मनासारखी वळवली. वाल्मीकीची परवानगी मागायला गेला नाही. आपल्या अंबाजोगाईच्या दासोपंतांनी गीतेच्या सातशे श्लोकांवर ‘गीतार्णव’ रचला, परंपरेनं त्याच्या ओव्या सव्वा लाख सांगतात. व्यासांच्या पुढच्या घोषणेची वाट पाहत बसले असते तर?

आणि आपली योगेश्वरी. गोष्ट तुम्ही लहानपणापासून ऐकत आलात. परळीच्या वैजनाथाशी तिचं लग्न ठरलं, वऱ्हाड इथवर आलं, मुहूर्त टळला आणि वऱ्हाडाचे दगड झाले. हत्तीखान्याचे ते दगडी हत्ती वऱ्हाडातलेच, असं जुनी माणसं सांगतात. परळी इथून हाकेच्या अंतरावर. तरी ती देवी कुमारिकाच राहिली आणि इथेच राहिली. अपुऱ्या कथेवर अख्खं गाव उभं आहे आपलं. पण लग्नाचा पुढचा भाग कधी, म्हणून कुणी पुजाऱ्याला विचारत नाही. लोकांनी त्या अपुरेपणाभोवती नवरात्र उभं केलं, मार्गशीर्षातला उत्सव उभा केला, कोकणातून कुळंच्या कुळं दर्शनाला यायला लागली.

मग आजच्या चाहत्याचं काय वेगळं आहे? कल्पनाशक्ती त्याच्याकडे भरपूर आहे, कदाचित आमच्या पिढीपेक्षा जास्तच. पण त्याचं रान दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर आहे. राजपुत्र हा कंपनीचा माल. चाहत्यानं मनातला पुढचा भाग खरोखर बनवून विकायला काढला तर वकिलाची नोटीस येईल. म्हणून तो बनवत नाही, ओळखत बसतो. जी ताकद भवभूतीनं पाचशे श्लोकांत घातली असती ती आज मालकाच्या मनात काय आहे हे ताडण्यात खर्ची पडते. आणि मालकाला ते सोयीचंच आहे, मित्रहो. फुकटात जाहिरात होते, शब्द काही द्यावा लागत नाही, आणि गर्दी कमी झाली की केव्हाही गप्पपणे दुकान बंद करता येतं. घोषणा झाली म्हणूनही यातून सुटका नाही. ‘सिल्कसाँग’ नावाच्या खेळाची घोषणा फेब्रुवारी २०१९ची, तो हातात पडला सप्टेंबर २०२५मध्ये. मधली कित्येक वर्षं एक माणूस रोज व्हिडिओ टाकून सांगत होता की आज काही बातमी नाही! यातला विनोद आम्हाला कळतो. पण रोज तो व्हिडिओ उघडून पाहणाऱ्यांचं काय म्हणावं?

शेवटी पुण्यातलीच आणखी एक गोष्ट सांगतो. तिच्याबद्दल बोललं जातं त्यापेक्षा जास्त बोललं जायला हवं. ज्या २०२० साली रीमेकची घोषणा झाली आणि हेटाळणी झाली, त्याच साली त्याच पुणे शहरातल्या नॉडिंग हेड्स या छोट्या चमूचा ‘राजी: ॲन एन्शंट एपिक’ हा खेळ बाहेर आला, आधी ऑगस्टमध्ये एका यंत्रावर, ऑक्टोबरमध्ये बाकीच्या यंत्रांवर. २०१७ला त्यांनी लोकवर्गणी मागून पाहिली होती, ती पुरी झाली नव्हती. राजी ही डोंबारी खेळ करणाऱ्यांतली मुलगी. राक्षस तिच्या धाकट्या भावाला, गोलूला पळवतात. दुर्गा तिला त्रिशूळ देते, विष्णू शार्ङ्ग धनुष्य. दुर्गा आणि विष्णू वरून बघत एकमेकांशी बोलत कथा सांगतात, आणि मधले प्रसंग सावल्यांच्या बाहुल्यांतून उलगडतात. कुडाळजवळ पिंगुळीचे ठाकर चामड्याच्या बाहुल्या नाचवतात तो खेळ ज्यांनी पाहिलाय त्यांना ही रीत ओळखीची वाटेल. राजी भिंतींवरून पळते, खांबांवर चढते. पाहिल्याबरोबर परीक्षकांना ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ आठवला, आणि आठवायलाच हवा. ज्यांनी शाळकरी वयात तो राजपुत्र पळवला त्यांच्या पिढीचंच हे काम. त्यांनी राजपुत्राची वाट पाहिली नाही, एक डोंबारी पोर उभी केली. आमच्या लेखी तोच त्या मालिकेचा पुढचा भाग, नाव वेगळं असलं तरी. जगातल्या मोठ्या वार्षिक पुरस्कारांत नव्या चमूंच्या पदार्पणाच्या खेळांत त्याला नामांकन मिळालं.

दोष आहेत त्यात. मारामारी पुन्हा पुन्हा तीच वाटते, दुर्गा-विष्णूंचं बोलणं कधीकधी शाळेच्या पाठासारखं होतं. आणि शेवट फार घाईनं येतो. भावाच्या शोधात इतकं चालवून आणल्यावर कथा एकदम हात झटकून मोकळी होते. पुष्कळ परीक्षकांनी हा दोष दाखवला, आम्हालाही तो मोठा वाटतो. खेळणाऱ्यांनी मात्र त्या तुटक शेवटाकडे पाहून लगेच दुसरं अनुमान केलं: ज्या अर्थी इतकं अर्धवट तोडलंय त्या अर्थी पुढचा भाग ठरलेलाच असणार!

देवदत्ताला रात्रीही सुखानं उपाशी झोपू देत नाहीत लोक. चला, आता तुमचे प्रश्न घेऊ.